दिव्याखालचा अंधार : मोटारीच्या दोष-संकेतांचे निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याच्या आसपास, इंजिनाच्या आकाराचा एक लहानसा पिवळट-नारिंगी दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझलाच नाही, किंवा चालत्या गाडीत अचानक लागला, की गाडीमालकांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, गाडी चालते आहे ना, मग जळू दे दिवा. दुसरा पंथ जवळचे गॅरेज गाठतो. तिथे स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात, त्यांच्यापुढे बहुधा एखाद्या सेन्सरचे नाव असते. तो सेन्सर बदलला जातो, काही हजारांचे बिल होते, दिवा विझतो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा लागतो आणि मालकाचा मेकॅनिकवरचा, मेकॅनिकचा कंपनीवरचा विश्वास थोडा आणखी कमी होतो.

दोन्ही पंथांची चूक एकच आहे. तो दिवा आणि त्यामागचा संकेत नेमके काय सांगतो, कोणाच्या वतीने सांगतो आणि किती खात्रीने सांगतो, हे कोणीच विचारलेले नसते. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही आपली म्हण या प्रसंगासाठीच केली असावी, इतक्या वेळा आज गॅरेजांमधून ती खरी ठरते. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : दोष-संकेत ही एका साक्षीदाराची जबानी आहे. हा साक्षीदार प्रामाणिक आहे. पण त्याची नजर मर्यादित आहे आणि त्याला नेमले आहे ते वेगळ्याच कामासाठी. त्याची जबानी निकाल म्हणून वाचली की पैसे जातात, हवा बिघडते आणि मेकॅनिकची विद्याही हळूहळू झिजते.

धुरक्यातून जन्म

हा दिवा मुळात मोटारमालकाच्या सोयीसाठी जन्मलेला नाही. त्याचा जन्म लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून झाला. १९४३च्या जुलैत त्या शहरावर दाट, डोळे झोंबवणारे धुरके पसरले. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग बोट दाखवले गेले कृत्रिम रबरासाठी बुटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्याकडे. तो काही काळ बंदही ठेवला गेला. धुरके तसेच राहिले. या दिव्याच्या इतिहासाची सुरुवातच अशी एका चुकलेल्या निदानापासून होते.

खरे कारण सापडले ते एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो अननसाच्या स्वादामागची रसायने शोधत होता. तीच उपकरणे त्याने शहराच्या हवेला लावली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिले, की मोटारींतून आणि तेलउद्योगातून निघणारे हायड्रोकार्बन आणि ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की त्यातून ओझोन आणि इतर झोंबरी द्रव्ये तयार होतात. म्हणजे दोषी कोणी एक कारखाना नव्हता. लाखो मोटारी होत्या आणि त्यांच्या जोडीला कॅलिफोर्नियाचे ते प्रसिद्ध ऊनही होते. १९६७ साली कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिटकडेच आले.

१९७५ सालच्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला 'कॅट-कॉन' म्हणतात तो डबा, मोठ्या प्रमाणावर बसू लागला. कारखान्यातून निघताना गाडी स्वच्छ असे. पण रस्त्यावर चार वर्षे गेल्यावर एखादा सेन्सर मरे, एखादी नळी फाटे आणि गाडी दुप्पट-तिप्पट धूर ओकत राही. मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे, कारण गाडी चालत असे. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या मॉडेलांपासून असे बंधन घातले, की गाडीतल्या संगणकानेच स्वतःच्या प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेवर लक्ष ठेवावे आणि बिघाड दिसला की दिवा लावावा. याला 'ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स', अर्थात ओबीडी म्हणतात. पहिल्या पिढीत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. काही गाड्यांत तर तारेचा तुकडा दोन टोकांना जोडून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे लागे. दुसऱ्या पिढीने, म्हणजे ओबीडी-२ने, सर्वांना एकच सोळा पिनांचे सॉकेट आणि एकच संकेत-कोश दिला. १९९६ सालच्या मॉडेलांपासून तो साऱ्या अमेरिकेत सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून. आपल्याकडे भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१० मध्ये पहिली पिढी आली आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरी. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ आल्यावर स्कूटर-मोटारसायकलींच्या डॅशवरही हा दिवा बसला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या नियमात दिवा लावण्याची कसोटी 'गाडी नीट चालते का' अशी नाही. प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होऊ शकेल असा बिघाड झाला आहे का, अशी ती आहे. म्हणून गाडी मस्त पळत असताना दिवा लागू शकतो आणि ब्रेक पार झिजले तरी हा दिवा लागत नाही. तो गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांच्या वतीने बोलत असतो.

संकेताचे व्याकरण

संकेतातले पहिले अक्षर खाते सांगते : 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चासी, 'यू' म्हणजे गाडीतल्या अनेक संगणकांचे आपसातले दळणवळण. पुढचा आकडा शून्य असेल तर संकेत सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा खासगी. त्यापुढचा आकडा विभाग दाखवतो : १ आणि २ हवा-इंधनाचे, ३ ठिणगीचे, ४ प्रदूषण-नियंत्रणाचे, ५ वेग व आयडलिंगचे, ६ खुद्द संगणकाचे, ७ गिअरबॉक्सचे. शेवटचे दोन आकडे विशिष्ट तक्रार सांगतात. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी-०४२० म्हणजे कॅट-कॉनची कार्यक्षमता मर्यादेखाली.

हे झाले शब्द. वाक्याचा प्रकार ओळखणे त्याहून महत्त्वाचे आहे. संकेत तीन प्रकारची विधाने करतात. पहिला प्रकार विजेचा : अमुक सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त किंवा कमी. उदाहरणार्थ, पी-०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. अशा वेळी स्कॅनरवर हवेचे तापमान पाहावे. मे महिन्यातल्या पुण्यात तिथे उणे ४० अंश दिसत असेल, तर सेन्सरपर्यंतची तार तुटली आहे किंवा जोडणी निसटली आहे, हे जवळपास नक्की. दुसरा प्रकार संशयाचा : सेन्सर बोलतो आहे, पण त्याचे बोलणे इतरांच्या बोलण्याशी जुळत नाही. तिसरा प्रकार परिणामाचा : कोणता भाग बिघडला ते माहीत नाही, पण साऱ्या यंत्रणेचा निकाल अपेक्षेप्रमाणे नाही. पी-०१७१ आणि पी-०४२० या तिसऱ्या प्रकारात मोडतात. पहिल्या प्रकारात संकेत आणि दोष शेजारी-शेजारी राहतात. तिसऱ्यात त्यांच्यात मैलांचे अंतर असू शकते आणि बहुतेक पैसे वाया जातात ते याच अंतरात.

साक्षीदाराला दिसते तेवढेच

इंजिनाच्या संगणकाला नाक नाही, डोळे नाहीत. त्याला मिळतात ती फक्त व्होल्टेज. त्यातला सर्वांत महत्त्वाचा खबऱ्या म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. जळालेल्या वायूत उरलेला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांची तुलना करून तो बारीक व्होल्टेज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण साधले, तरच कॅट-कॉन तिन्ही प्रमुख विषारी घटकांना एकाच वेळी आवरू शकतो. म्हणून संगणक या सेन्सरकडे पाहत पेट्रोल सतत थोडे वाढवतो, थोडे घटवतो. त्या दुरुस्तीची टक्केवारी तो नोंदवून ठेवतो. तिला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. एक ट्रिम तात्कालिक असते, दुसरी दीर्घकालीन, म्हणजे सवयीची. दोन्हींची बेरीज बऱ्याच गाड्यांत २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेली, की संगणक 'आता माझ्याने सांभाळले जात नाही' अशी कबुली देतो. ती कबुली म्हणजेच पी-०१७१.

आता गंमत पाहा. समजा, एका सिलिंडरची ठिणगीच मेली. त्यातले पेट्रोल न जळता बाहेर पडले आणि त्याबरोबरची हवाही. नळीत कच्च्या पेट्रोलचा वास सुटला आहे. बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही तो येईल. सेन्सरला मात्र दिसतो तो फक्त उरलेला ऑक्सिजन. तो सांगतो : हवा जास्त आहे. संगणक त्यावर विश्वास ठेवतो आणि आणखी पेट्रोल ओततो. सायलेन्सरच्या नळीला सेन्सरच्या आधी चीर गेली असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा तेच : हवा जास्त. दोन्ही वेळा सेन्सर निर्दोष आहे. त्याने खोटे काही सांगितलेले नाही. पण संकेताच्या वर्णनात मिश्रणाचा उल्लेख आहे, मिश्रण ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर आहे, म्हणून गॅरेजात बदलला जातो तोच.

मिसिंगचे तेच. संगणकाला मिसिंग ऐकू येत नाही. क्रँकशाफ्टवर दातांचे एक चाक असते. अनेक गाड्यांत साठ दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात. समोरून जाणारा प्रत्येक दात सेन्सर मोजतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २,९०० दात. एखादा सिलिंडर पेटला नाही तर पुढचे काही दात किंचित उशिरा येतात. त्या उशिरावरून संगणक अनुमान काढतो. उशीर का झाला, प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की झिजलेल्या व्हॉल्व्हमुळे, हे त्याला ठाऊक नसते.

निदानाची पाच अंगे

इथे आपल्या भाषेतला एक जुना शब्द मदतीला येतो. आपण 'डायग्नोसिस'ला 'निदान' म्हणतो. पण आयुर्वेदात निदान म्हणजे मुळात हेतू, कारण. माधवकराच्या 'रोगविनिश्चय' या ग्रंथाला सारे 'माधवनिदान' म्हणूनच ओळखतात. त्या परंपरेत रोग ओळखण्याची पाच अंगे सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण, आगाऊ खुणा, प्रकट लक्षणे, उपचार करून पाहून होणारी पारख आणि कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या वाटेने आला तो प्रवास. स्कॅनरवरचा संकेत म्हणजे यांतले केवळ 'रूप'. उरलेली चार अंगे मेकॅनिकने शोधायची असतात. गंमत अशी, की त्यांतल्या काहींची सामग्री त्याच स्कॅनरमध्ये पडून असते आणि ती क्वचितच उघडली जाते.

पूर्वरूप म्हणजे प्रलंबित संकेत. बहुतेक दोषांसाठी संगणक एकदा बिघाड दिसल्यावर लगेच दिवा लावत नाही. तो नोंद करतो आणि पुढच्या फेरीतही तेच दिसले तर दिवा लावतो. अपवाद गंभीर मिसिंगचा. त्यात कच्चे पेट्रोल जाऊन कॅट-कॉन जळण्याचा धोका असतो, म्हणून दिवा तत्काळ आणि लुकलुकत लागतो. स्थिर दिवा असेल तर सवडीने गॅरेज गाठता येते. लुकलुकणारा दिवा असेल तर पाय लगेच उचलावा, गाडी बाजूला घ्यावी आणि शक्यतो पुढे चालवू नये.

रूपाचा तपशील असतो 'फ्रीझ फ्रेम'मध्ये. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होते, भार किती होता, ट्रिम किती होत्या, याचा तो गोठवलेला फोटो. आपले पी-०१७१चे उदाहरण पुढे नेऊ. समजा, फ्रीझ फ्रेम सांगते, की गाडी सिग्नलला उभी होती, इंजिन गरम होते, ट्रिम अधिक २० होती. आता गाडी जागेवरच २,५०० फेऱ्यांवर नेऊन ट्रिम पाहावी. ती अधिक ३ वर आली, तर संप्राप्तीचा धागा हाती लागला. हवा मोजणाऱ्या मीटरनंतर कुठेतरी फट आहे. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'एअर घेते'. हिशेब सोपा आहे. आयडलिंगला इंजिन सेकंदाला अडीच ग्रॅम मोजलेली हवा घेत असेल आणि फटीतून अर्धा ग्रॅम न मोजलेली येत असेल, तर चूक २० टक्क्यांची होते. तेच इंजिन वीस ग्रॅम घेऊ लागले, की अर्धा ग्रॅम म्हणजे जेमतेम अडीच टक्के. उलट, आयडलिंगला सारे ठीक आणि घाटात भार पडल्यावर ट्रिम चढत असेल, तर फट नाही. पेट्रोल पंप दमला आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा हवेचा मीटर मळून कमी मोजतो आहे.

यातही एक मेख आहे. हा नियम हवेचे प्रत्यक्ष वजन मोजणाऱ्या मीटरच्या गाडीला लागू आहे. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत तो मीटर नसतो. तिथे इन्टेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज काढतात. फटीतून आलेली हवाही दाब वाढवते, म्हणजे मोजली जाते. त्यामुळे अशा गाडीत मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त आयडलिंग चढते. एकच फट, पण एका गाडीत संकेत देते आणि दुसऱ्या गाडीत नुसती गुरगुर. स्कॅनरच्या पडद्यावर हे कुठेही लिहिलेले नसते.

उपशयाचे सर्वांत सुंदर उदाहरण मिसिंगचे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पी-०३०१ आला, गाडीत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल आहे. नवी कॉइल आणण्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी. संकेत पी-०३०२ झाला, म्हणजे रोग कॉइलबरोबर सरकला, कॉइल दोषी. संकेत जागेवर राहिला तर कॉइल निर्दोष. मग तीच युक्ती प्लगला, त्यानंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनची तपासणी. जुने मिस्त्री चालत्या इंजिनाची एकेक वायर काढून कोणत्या सिलिंडरला फरक पडत नाही ते पाहत, तीच ही रीत.

बळी आणि आरोपी

निदान चुकण्याची सर्वांत महागडी जागा म्हणजे पी-०४२०. कॅट-कॉनच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर दुसरा. निरोगी कॅट-कॉन ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचे व्होल्टेज जवळपास स्थिर राहते. पुढच्या सेन्सरचे चढउतार मागेही तसेच उमटू लागले, की संगणक म्हणतो, कॅट-कॉन आता काम करत नाही. हे अनुमान बऱ्याचदा खरे असते. पण कॅट-कॉन सहसा आपल्या मरणाने मरत नाही. महिनोन्महिने दुर्लक्षिलेल्या मिसिंगमधून आलेले पेट्रोल त्यात जळून त्याची जाळी वितळते, किंवा झिजलेल्या रिंगांमधून येणारे तेल त्याच्यावर पुट चढवते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्याने तो महाग असतो. पुढचा दोष तसाच ठेवून नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. 'गाडी चालते आहे ना' म्हणणारा पहिला पंथ आपले पैसे इथे भरतो : चारशे-पाचशे रुपयांच्या प्लगकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत हजारोंच्या डब्याने.

आपले रस्ते, आपले इंधन

संकेत-कोश अमेरिकेत लिहिला गेला. गाडी मात्र चालते ती आपल्या हवेत आणि रस्त्यांवर. खड्ड्यांतून जाताना चाकांना बसणारे हिसके गिअरबॉक्समधून क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात आणि दातांच्या चाकाला मिसिंगसारखेच दिसतात. म्हणून कंपन्या एबीएसच्या चाक-सेन्सरांवरून रस्ता खराब असल्याचे ओळखतात आणि तेवढा वेळ मिसिंगची पहारेदारी थांबवतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर पहारेकरी डोळे मिटून घेतो, असा याचा अर्थ. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात. मग एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा संकेत एकदम येतात. असे झाले तर पाच भाग एकाच दिवशी बिघडले असे न मानता त्या साऱ्यांची समाईक वायर, समाईक फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट आधी पाहावा. बॅटरी उतरली असेल तरी असाच गोंधळ होतो. टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर या दोन स्वस्त साधनांनी जे कळते, ते कित्येकदा महागड्या स्कॅनरने कळत नाही.

मुंबई-पुण्यात बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळाच. गॅसचे मापन जरा चुकले, की पेट्रोलचा संगणक आपल्या ट्रिम बदलून ते सावरू पाहतो आणि ती चुकीची सवय गाडी पेट्रोलवर आल्यावरही काही काळ राहते. संकेत इंजिनाचा येतो. ट्यूनिंग किटचे करायला हवे असते.

आणि आता इथेनॉल. उसाच्या या राज्याला त्याचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. पण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. पेट्रोलला १४.७, तर इथेनॉलला सुमारे ९. हिशेब केला तर २० टक्के मिश्रणाला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. या इंधनासाठी बनवलेल्या गाड्यांत ते गृहीत धरलेले असते. जुन्या गाडीत संगणक ट्रिम वाढवून ते भागवतो. एवढ्याने दिवा लागत नाही. पण २०-२५ टक्क्यांच्या शिलकीतला एक भाग आधीच खर्च झालेला असतो. मग पूर्वी खपून गेली असती अशी बारीक फट किंवा थोडासा दमलेला पंप आता दिवा लावतो. दोष इथेनॉलचा की पंपाचा, हा वाद व्यर्थ आहे. दोन्हींची बेरीज झालेली असते.

विझवलेला दिवा आणि न लागलेला दिवा

स्कॅनरवर संकेत पुसण्याचे एक बटण असते. ते दाबणे ही गॅरेजातली सर्वांत स्वस्त 'दुरुस्ती'. संकेत पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, बहुतेक गाड्यांत शिकलेल्या ट्रिम जातात आणि संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे पुरावा नष्ट होतो. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत तपासणीला हेच सॉकेट वापरतात, तिथे या चाचण्या अपुऱ्या दिसल्या तर गाडी परत पाठवतात; शिवाय २०१०च्या मॉडेलांपासून तिथे 'कायम' संकेत आले. ते बटणाने पुसता येत नाहीत. दोष खरोखर गेल्याची संगणकाची खात्री पटली तरच जातात. खरी दुरुस्ती झाली असेल तर दिव्याला बटणाची गरजही नसते. निर्दोष अशा तीन लागोपाठ फेऱ्यांनंतर तो आपोआप विझतो.

दिवा न लागणे हाही पुरावा नव्हे, हे जगाला १८ सप्टेंबर २०१५ रोजी कळले. त्या दिवशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ वागत होते; रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते. ते उघडकीला आले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धावत्या गाडीच्या सायलेन्सरला उपकरणे लावून मोजमाप केले म्हणून. डॅशबोर्डवरच्या दिव्याने त्याची कधीच चुगली केली नाही. साक्षीदार आरोपीच्याच पगारावर असला, की असे होते.

भाषा कोणाची?

शेवटचा प्रश्न मालकीचा. समान संकेत सर्वांना वाचता येतात. हजारभर रुपयांच्या उपकरणाने आपल्या मोबाइलवरही. पण कंपनीचे खासगी संकेत, वायरिंगचे नकाशे, नवा भाग संगणकाला ओळखायला लावण्याची सोय, हे सारे कंपन्यांच्या हाती राहते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा आक्षेपाचा गाभा होता. पुढे प्रकरण अपिलांत गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काला मतदानाने कौल दिला. आपल्या केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले.

माहिती खुली व्हायलाच हवी. पण ती एकटी पुरणार नाही. कार्ब्युरेटरच्या काळातला मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकत असे. त्याच्याकडे कान होता, आकडे नव्हते. आजच्या पोरसवदा मेकॅनिककडे आकडे आहेत. ते वाचायला त्याला कोणी शिकवलेले नाही. भाग बदलून पाहण्यात मालकाचे पैसे जातात, म्हणून विचार करण्याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. बिलात सेन्सरची किंमत लिहिता येते, अर्धा तास ट्रिम पाहत बसल्याची नाही. हे अर्थकारण बदलणे मात्र आपल्या, म्हणजे ग्राहकांच्या, हातात आहे.

गॅरेजात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. संकेत पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला का? हा भाग खराब आहे हे संकेताखेरीज आणखी कशाने तपासले? आणि दुरुस्तीनंतर ट्रिम किती आहे? ज्या मेकॅनिककडे या तीन प्रश्नांची उत्तरे असतील, त्याला तपासणीची मजुरी वेगळी आणि बिनतक्रार द्यावी. सेन्सरपेक्षा ती नेहमीच स्वस्त पडते.